वाऱ्याचे नुकसान आणि पाण्याचे नुकसान : घराच्या विम्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी व जावई अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, टँपा शहराजवळ राहतात. तेथे त्यांनी कर्ज काढून घर घेतले आहे. जून लागला की तिकडे हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, हंगाम सुरू होतो आणि इकडे आमचा जीव टांगणीला लागतो. जावई म्हणतात, ‘घराचा पूर्ण विमा आहे, काळजी करू नका.’ हरिकेनने घराचे नुकसान झाले तर हा विमा खरोखरच भरपाई देतो का? दुसरे असे की, यावल तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागचा भाग धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, असून पुढच्या पडवीवर पत्रे आहेत. यंदा वैशाखातल्या वादळात त्यांतले निम्मे पत्रे उडून शेजारच्या वाड्यात पडले. अशा घराचा विमा उतरवता येतो का, आणि वादळाचे नुकसान त्यात धरले जाते का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, भुसावळ

उत्तर : आपल्या जावयांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि जे अर्धे खरे नाही तेच टँपासारख्या ठिकाणी महाग पडते. अमेरिकेतील घराचा नेहमीचा विमा हरिकेनच्या वाऱ्याने झालेले नुकसान सामान्यतः भरून देतो. म्हणजे छप्पर उडाले, झाड घरावर कोसळले, खिडक्या फुटल्या, तर पैसे मिळतात. परंतु त्याच हरिकेनमुळे समुद्राचे पाणी आत शिरले, नदी फुगली किंवा पावसाचे पाणी जमिनीवरून वाहत येऊन घरात घुसले, तर तो पूर समजला जातो आणि पूर या पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेला असतो. पुरासाठी तेथे निराळी पॉलिसी घ्यावी लागते. म्हणून ‘हरिकेनचे नुकसान मिळते का’ असे विचारण्यापेक्षा ‘नुकसान वाऱ्याने झाले की पाण्याने, आणि पाणी आले ते वरून की खालून’ असे विचारावे. विमा कंपनीचा सर्व्हेअर दारात उभा राहून नेमके हेच पाहणार असतो.

हा फरक किती टोकाचा असतो ते टँपाच्याच परिसरात २०२४ साली जेमतेम दोन आठवड्यांच्या अंतराने दिसले. २६ सप्टेंबरच्या रात्री आलेले हेलीन हे हरिकेन खरे तर टँपाच्या बरेच उत्तरेला जमिनीवर धडकले. तरीही त्याने ढकललेले समुद्राचे पाणी टँपा उपसागराच्या काठावरील वस्त्यांत शिरले आणि असंख्य घरांच्या भिंती शाबूत राहून आतले सामान व जमीन वाया गेली. त्यानंतर ९ ऑक्टोबरला मिल्टन आले. ते दक्षिणेकडे, सॅरासोटाजवळ धडकले आणि त्याच्या वाऱ्याने सेंट पीटर्सबर्ग येथील ट्रॉपिकाना फील्ड या क्रीडागृहाचे कापडी छत फाडून टाकले. पहिल्या वादळात ज्यांच्याकडे केवळ घराचा विमा होता त्यांच्या हाती पाण्याच्या नुकसानापोटी काही लागण्यासारखे नव्हते. दुसऱ्या वादळात त्याच पॉलिसीवर छपराचा दावा करता येत होता.

वरून आलेल्या पावसाचेही एक कलम आहे. वाऱ्याने आधी छपराला किंवा भिंतीला भगदाड पाडले आणि त्यातून पाऊस आत आला, तर आतील नुकसान मान्य होते. छप्पर जसेच्या तसे असताना जुन्या फटीतून पाणी झिरपले असेल तर होत नाही. त्यामुळे भगदाडाचे छायाचित्र ताडपत्री टाकण्याच्या आधी काढून ठेवणे फार मोलाचे ठरते. ताडपत्री मात्र लगेच टाकावी, कारण नुकसान आणखी वाढू नये यासाठी वाजवी खबरदारी घेणे हे पॉलिसीधारकाचे कर्तव्य असते. त्या कामाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

आता वजावटीकडे येऊ, कारण आपल्याकडील पालकांचा सर्वाधिक गैरसमज तेथेच होतो. दाव्याची काही रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. आग किंवा चोरीसाठी ती सहसा ठरावीक डॉलरमध्ये असते. हरिकेनसाठी मात्र ती बहुधा टक्केवारीत असते आणि ही टक्केवारी नुकसानाची नसून घराच्या विमा रकमेची असते. घर चार लाख डॉलरला विमित असेल आणि हरिकेनची वजावट २ टक्के असेल, तर पहिले आठ हजार डॉलर आपल्या जावयांच्या खिशातून जातील. पंधरा हजारांचे छप्पर गेले तर सात हजार मिळतील. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ५ टक्क्यांचा पर्याय निवडलेला असेल, तर वजावट वीस हजारांची होते आणि त्याच छपरासाठी एक डॉलरही मिळत नाही. फ्लोरिडाच्या कायद्याने कंपन्यांना सामान्यतः ५०० डॉलर, २, ५ आणि १० टक्के असे पर्याय द्यावे लागतात, आणि एकाच कंपनीची पॉलिसी असेल तर हरिकेनची ही वजावट एका कॅलेंडर वर्षात एकदाच पूर्ण सोसावी लागते. म्हणून पहिल्या हरिकेनमधील नुकसान वजावटीपेक्षा कमी भरले तरी ते कंपनीला कळवून ठेवावे. त्याच वर्षी दुसरे हरिकेन आल्यास तेवढी रक्कम वजावटीत धरली जाते.

पुराची निराळी पॉलिसी बहुतेक लोक तेथील केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा कार्यक्रमातून घेतात. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या कार्यक्रमात घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर इतके संरक्षण मिळते. सामानाचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. घर सरकारी नकाशातील जास्त धोक्याच्या पूरक्षेत्रात असेल आणि कर्ज तेथील केंद्रीय नियमनाखालील बँकेचे असेल, तर पूर विमा सक्तीचा असतो. घर त्या क्षेत्राबाहेर असेल तर सक्ती नसते, आणि ‘बँकेने मागितला नाही म्हणजे गरज नाही’ असा निष्कर्ष काढून लोक स्वस्थ बसतात. २०१७ साली हार्वे या हरिकेनच्या पावसाने टेक्सासमधील ह्यूस्टन शहर बुडाले, तेव्हा पाणी शिरलेल्या बहुसंख्य घरांना पूर विमा नव्हता, आणि त्यांतली कितीतरी घरे जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेरचीच होती. नव्या पूर पॉलिसीला सामान्यतः ३० दिवसांचा प्रतीक्षा काळ असतो. वादळ समुद्रात दिसू लागल्यावर कंपन्या घराच्याही नव्या पॉलिसी देणे व जुन्यांत वाढ करणे थांबवतात. तेव्हा जे करायचे ते मे महिन्यापूर्वी करून मोकळे व्हावे.

आपण जावयांना पॉलिसीचे पहिले पान, म्हणजे घोषणापत्रक, पाठवायला सांगावे. त्यावर हरिकेनची वजावट स्वतंत्र ओळीत लिहिलेली असते. वारा वगळलेला नाही ना, हेही त्याच पानावरून कळेल. किनाऱ्यालगतच्या काही पॉलिसींत तो वगळलेला असतो आणि टेक्सासच्या किनारी परगण्यांत तर वाऱ्यासाठी निराळ्या संस्थेची पॉलिसी घेण्याची पद्धतच आहे. सासऱ्यांनी जावयाकडे कागद मागणे आपल्याकडे जरा अवघड वाटते, हे मान्य आहे, मुलीकडे मागावा. हरिकेननंतर दावा कळवण्यासाठी फ्लोरिडात आता एका वर्षाची मुदत आहे, परंतु ती पूर्ण वापरण्यात शहाणपण नाही.

आता यावलच्या घराविषयी. येथे आपली स्थिती मुलीपेक्षा चांगली आहे, हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन, टोर्नॅडो, त्सुनामी, पूर आणि पाणी भरणे ही सगळी संकटे एकत्र आहेत. भूकंप, वीज पडणे, दरड कोसळणे आणि आग हीही आहेतच. वाऱ्याने पडले की पाण्याने, यावरून अमेरिकेत जो झगडा होतो तो या पॉलिसीत बहुतांशी उद्भवतच नाही. खानदेशात समुद्री चक्रीवादळ थेट धडकत नाही. मात्र वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर उठणारी वादळे रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करतात आणि तीच वादळे पत्रेही नेतात. विम्याच्या दृष्टीने अशा वादळाला नाव असण्याची किंवा त्याचा उगम समुद्रात असण्याची अट नाही.

असे असूनही दावे फेटाळले जातात, आणि त्याचे नेहमीचे कारण जीर्णता हे असते. झीज, गंज व देखभालीचा अभाव यांमुळे झालेले नुकसान कोणतीही पॉलिसी देत नाही. सर्व्हेअर उडालेला पत्रा उलटापालटा करून पाहतो तो हुकाच्या भोकांसाठी. भोक ताज्या फाटीने लांबट झाले असेल तर वाऱ्याने ओढ घेतली असे दिसते. भोकाभोवतीचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला असेल तर तो वाऱ्याशिवायही सुटलाच असता असे तो लिहून ठेवतो. आपल्याकडे हुकांचा खर्च वाचवण्यासाठी पत्र्यांवर दगड ठेवून भागवण्याची रीत आहे. तसा पत्रा उडाला तर दावा कमजोर होतोच, शिवाय तो दगड कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नसतो. उन्हाळ्याच्या आधी पडवीचे हुक, कैच्या व पत्रे पाहून घ्यावेत आणि दुरुस्तीची पावती व दिनांकासह छायाचित्रे फाईलला लावून ठेवावीत.

धाब्याचा भाग अधिक अवघड आहे. झडीच्या पावसात धाबे गळू लागले, सरे कुजले आणि भिंतीला पोट आले, तर ते वादळाचे नुकसान नव्हे. याउलट नाल्याचा पूर गल्लीत येऊन भिंतीचा पाया सुटला, तर तो पुराचा दावा होऊ शकतो. प्रस्ताव अर्जात भिंती व छप्पर कशाचे आहे हे विचारलेले असते, तेथे ‘मातीच्या भिंती, धाब्याचे छप्पर, पडवीवर लोखंडी पत्रे’ असे जसेच्या तसे लिहावे. अशा बांधकामाला एखादी कंपनी जास्त प्रीमियम सांगेल, एखादी नकारही देईल; परंतु पक्के बांधकाम लिहून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी कागदाचा तुकडा ठरते.

विमा रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नये. तेवढ्याच चटईक्षेत्राचे घर आज पुन्हा बांधायला जो खर्च येईल तो धरावा. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामान्य सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये इतके संरक्षण आपोआप मिळते. दागिने मात्र वेगळे नोंदवावे लागतात आणि रोकड धरली जात नाही. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, गच्चीवरील सौर पॅनेल हे इमारतीचाच भाग मानले जातात. जुन्या पॉलिसींत वीस लाखांचे घर दहा लाखांना विमित केले असेल तर नुकसानाची निम्मीच रक्कम हाती पडत असे. गृह रक्षा पॉलिसीत ही कपात होत नाही, आणि या पॉलिसीतील माझ्या मते ही सर्वांत उपकारक तरतूद आहे.

शेवटचा अडसर कागदांचा. वडिलोपार्जित घराचा ग्रामपंचायतीतील नमुना ८ चा उतारा अनेकदा आजोबांच्याच नावे असतो. प्रीमियम भरताना कोणी विचारत नाही, दाव्याच्या वेळी मात्र त्या घरात आपले हित काय, हा प्रश्न येतो. वारसनोंद करून घ्यावी आणि गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका किंवा सनद मिळाली असेल तर तिची प्रत पॉलिसीसोबत ठेवावी. यंदा उडालेल्या पत्र्यांना मात्र आता घेतलेली पॉलिसी उपयोगी पडणार नाही, हे सांगायला नकोच.

प्रश्न : ३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरात तितूर नदीचे पाणी आमच्या भाड्याच्या घरात शिरले होते. आता आम्ही गृहकर्जावर स्वतःचे घर घेतले असून तळमजल्यावर माझे किराणा दुकान आहे. बँकेने कर्जासोबतच विमा काढला आणि त्याचा प्रीमियम कर्जात मिळवला. पुन्हा पूर आला तर हा विमा चालेल ना?
— एक दुकानदार, चाळीसगाव

उत्तर : आधी तो विमा कशाचा आहे हे पाहावे. कर्जासोबत गळ्यात पडणारा विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार दगावला तर उरलेले कर्ज फिटते, एवढाच त्याचा अर्थ. अशा कागदावर वारसाचे नाव असते आणि विमा रक्कम दरवर्षी कर्जाबरोबर घटत जाते. घरात पुरुषभर पाणी आले तरी त्यातून छदामही मिळत नाही. घराच्या विम्यावर मालमत्तेचा पत्ता, बांधकामाचा प्रकार आणि संकटांची यादी असते. बँकेकडून ‘विमा काढला आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर न थांबता पॉलिसीची संपूर्ण प्रत लेखी अर्ज देऊन मागावी.

ती घराचीच निघाली, तरी तीन गोष्टी तपासाव्यात. विमा रक्कम कर्जाइतकीच धरली आहे की बांधकामाच्या पूर्ण खर्चाइतकी, कारण आपण भरलेले स्वतःचे पैसेही त्याच भिंतींत आहेत. मुदत कर्ज संपेपर्यंत आहे की मधेच संपते. आणि पॉलिसीतून वादळ-पुराचे कलम वगळलेले तर नाही ना; २०२१ च्या एप्रिलपूर्वीच्या पॉलिसीत ते वगळून प्रीमियम कमी करून घेता येत असे आणि तसे वगळल्याचे मालकाला ठाऊकही नसे. दाव्याचे पैसे आधी बँकेच्या नावे येतात, याचीही कल्पना असू द्यावी.

दुकानातील माल मात्र घराच्या विम्यात कधीच येत नाही. साखरेची पोती, तेलाचे डबे, फ्रीज, वजनकाटा यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही निराळी पॉलिसी आहे, आणि पूर तिच्यातही समाविष्ट आहे. २०२१ च्या पुरात चाळीसगावच्या बाजारपेठेने जे पाहिले ते पाहता आपल्यासाठी ती घराच्या विम्याइतकीच निकडीची आहे. मालाची खरेदी बिले दुकानात न ठेवता त्यांची छायाचित्रे मोबाइलबाहेरही कोठेतरी ठेवावीत; भिजलेल्या वहीवर दावा सिद्ध करणे फार जड जाते.

पूर ओसरल्यावर चिखल उपसण्याआधी प्रत्येक खोलीतील पाण्याची खूण भिंतीवर दिसेल असे चित्रण करावे, कंपनीला लगेच कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नये. आरोग्याला धोका असेल तर कंपनीला ई-मेल करून, छायाचित्रे घेऊनच तो हलवावा. सरकारी पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत दाव्याला जोडावी. तो पुरावा म्हणून उत्तम, परंतु पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळवले असे होत नाही. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर पुणे येथील विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी हा मार्ग खुला आहे. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

प्रश्न : आम्ही केळीचा फळपीक विमा दरवर्षी काढतो. वादळात बागेसोबत शेतातील गोठा आणि घराचे पत्रेही गेले, तर त्याच विम्यातून भरपाई मिळते का?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : मिळत नाही. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे आणि तो पिकापुरताच आहे. घर, गोठा, मोटारपंप त्याच्या कक्षेत येत नाहीत. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर नोंदलेला वाऱ्याचा वेग घराच्या दाव्यातही पुरावा म्हणून जोडता येतो, एवढाच त्याचा आपल्याला उपयोग.

घरासाठी वर सांगितलेली गृह रक्षा पॉलिसी घ्यावी. शेतातील गोठा राहत्या घराचा भाग समजला जात नाही, म्हणून त्याची वेगळी नोंद करून निराळा विमा घ्यावा लागतो. जनावरांचा विमाही स्वतंत्र असतो आणि त्यात कानातील बिल्ल्याला फार महत्त्व असते. वादळाच्या धांदलीत जनावर दगावले तर बिल्ला जपून ठेवावा.

विमा नसेल तर उरते ती सरकारी मदत, आणि तिचे आकडे पाहून घ्यावेत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये, तशाच कच्च्या घराला ४ हजार रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३ हजार रुपये धरलेले आहेत. पंचनाम्याच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे आणि गोठ्याची नोंद घराच्या नोंदीत मिसळली जात नाही ना, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांसमोरच वाचून मग सही करावी.